दातांची सनद

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी वाचता येतात. एक म्हणजे डोळ्यांवर आलेल्या दिव्यावरचं कंपनीचं नाव, आणि दुसरी म्हणजे समोरच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट. बोलायची सोय नसते. डॉक्टर मात्र नेमके तोंडात दोन हत्यारं आणि कापसाचा बोळा असतानाच विचारतात, "काय, मुलगा कुठे असतो सध्या?" आपण "आँ ऊँ" करतो आणि त्यांना ते बरोबर कळतं. ही विद्या कुठल्या वर्षाला शिकवतात देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात मी सांगलीला असाच पडलो होतो. डॉक्टर म्हणजे आमच्या थोरल्या काकांची पणतीच. म्हणजे मी तिचा चुलत आजोबा लागतो आणि ती मला 'आबा' म्हणते. तिच्या धंद्याच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. "आबा" असं म्हणून ती थांबली की मला पुढचं कळतं. मी आ केला. तिने आत डोकावून "अरे बापरे" असं काहीसं म्हटलं, आणि मी घाबरून भिंतीकडे बघायला लागलो. तिथे तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र. वर मोठ्या अक्षरांत महाराष्ट्र राज्य दंत परिषद, खाली नाव, क्रमांक, आणि क्रमांकाच्या आधी एक ठसठशीत अक्षर, 'अ'.

त्या एका 'अ'वरून आमच्या घरात सात वर्षं दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे खरं तर 'अ'वरून नव्हे, 'ब'वरून. पण ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. तुम्हाला घाई नसली तर बसा. खुर्ची साधीच आहे, मागे कलत नाही.

आमच्या घराण्याचा दातांशी संबंध आला तो मुंबईला. थोरले काका आणि तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, दोघेही पोटासाठी गिरगावात गेले आणि एका दंतवैद्याकडे पडेल ते काम करायला लागले. प्लास्टर कालवायचं, साचे घ्यायचे, वल्कनाइट नावाच्या लालसर रबरात दात बसवून ते वाफेच्या भांड्यात शिजवायचे. ती कवळी तोंडात घातली की माणूस रागावलाय की हसतोय ते कळत नसे, पण भाकरी चावता येई. पाच-सहा वर्षांत दोघे भाऊ तयार झाले आणि आपापल्या वाटेने परत आले. थोरले साताऱ्याला, तात्या सांगलीला.

गावं निवडताना दोघांनी विचार केला नव्हता हे उघड आहे. सातारा हे कंदी पेढ्यांचं गाव. तिथे दात नसले तरी माणसाचं काही अडत नाही. सांगलीला मात्र ऊस, शेंगा आणि भडंग. तिथे एक दाढ हलली की माणूस समाजातून उठतो. त्यातून दोन्हीकडे बायकांची मिश्री, मुलांची राखुंडी आणि जरा सुधारलेल्या घरात ती माकडछाप काळी पावडर. एकूण गिऱ्हाइकाला तोटा नसावा.

पण त्या काळात दात दुखला म्हणजे डॉक्टर आठवत नसे. आधी लवंग, मग तुरटी, मग शेजारची म्हातारी, मग मारुतीला तेल, आणि सगळं हरलं की बाजारात फडकं पसरून बसलेला दातवाला. त्याच्यापुढे उपटलेल्या दातांची रास असे. ती रास हीच त्याची पदवी. जितकी रास मोठी तितका माणूस अनुभवी. कुणी असंही म्हणे की त्यातले निम्मे दात बकऱ्याचे असतात. मी लहानपणी ती रास बारकाईने पाहिली आहे आणि मला तसा संशय घ्यायला जागा दिसली.

सांगलीला शेजारी मिरज होती, हे त्यातल्या त्यात नशीब. विल्यम वानलेस नावाच्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभं केलं आणि लोक लांबलांबून बैलगाडीने तिथे येऊ लागले. पण मिरजेला जायचं ते पोट फाडायला. दातासाठी कुणी जात नसे. दात हा अवयव आहे, असंच मुळी कुणाला वाटत नव्हतं. ती एक कटकट होती.

तर तात्यांनी सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला दुकान थाटलं. पण नुसत्या दातांवर भागेना म्हणून त्यांनी जोडीला घड्याळदुरुस्ती सुरू केली. हात नाजूक होता, डोळ्याला भिंग लावायची सवय होतीच. दुकानावर पाटी लागली: 'घड्याळे व दात खात्रीने बसवून मिळतील.' पाटी वाचून माणूस क्षणभर थबके. एका देशमुखांनी म्हणे कवळी घेतल्यावर "किल्ली रोज द्यायची का?" असं विचारलं होतं. ते चेष्टेनं विचारलं की खरोखरच, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

साताऱ्याला थोरल्यांचा थाट वेगळा. मोती चौकाच्या आसपास माडीवर दवाखाना, आणि माडीच्या कठड्याला माणसाएवढा रंगवलेला जबडा. बत्तीसच्या बत्तीस दात, लालभडक हिरड्या आणि खाली एकच शब्द, 'दात'. रात्री त्यावर दिवा. खेड्यातून पहिल्यांदा साताऱ्याला आलेली पोरं तो जबडा बघून आईच्या पदराआड लपत. जोडीला त्यांचंही एक दुकान होतं, भाड्याच्या सायकलींचं. तेव्हा कोण नुसत्या एका धंद्यावर जगत होतं?

आता जरा इतिहास. हा भाग मी शक्य तितक्या भराभर उरकतो.

दात उपटायला सरकारची परवानगी लागावी ही कल्पना मुळात आपली नव्हे. अमेरिकेत १८४० साली बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं कॉलेज निघालं आणि लगेच पुढच्या वर्षी अलाबामा संस्थानाने त्या धंद्याला परवाना लागेल असा कायदा केला. इंग्लंडने १८७८ साली दंतवैद्यांची नोंदवही सुरू केली, पण इंग्रजी पद्धतीने. म्हणजे 'डेंटिस्ट' हे नाव लावायला नोंदणी लागे, दात उपटायला लागत नसे. त्यामुळे लोकांनी नाव सोडलं आणि दात धरून ठेवले. शेवटी १९२१ साली त्यांनी दुसरा कायदा करून बिननोंदणीच्यांना धंद्याचीच बंदी केली. पण मग आधीपासून हेच करून जगणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी एक दार ठेवलं. गेल्या सात वर्षांपैकी पाच वर्षं ज्याच्या उपजीविकेचं मुख्य साधन दंतवैद्यक होतं, तो पदवी नसली तरी आत आला.

'उपजीविकेचं मुख्य साधन.' हे तीन शब्द लक्षात ठेवा. लंडनमध्ये जन्मलेले हे शब्द पुढे सांगलीत आमच्या तात्यांना चावले.

आपल्याकडे सुरुवात केली कलकत्त्याने. रफीउद्दीन अहमद नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा कुठून आणायचा? तर त्यांनी त्यासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवलं. गोड पेयं विकून दातांचं कॉलेज उभं करणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नव्हता असं कोण म्हणेल? एका हाताने गिऱ्हाईक तयार करायचं आणि दुसऱ्या हाताने डॉक्टर. चेष्टा सोडा, माणूस मोठा होता. १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला त्यामागे त्यांचीच खटपट होती, आणि पुढे १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. मुंबईला नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज १९३३ सालचं. बाकी देशभर मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच कॉलेजं.

आणि मग आलं १९४८ साल. ८ मार्चला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पटवर्धनांचं राज्य संपलं, लोक हळहळले, काही आनंदले. पुरते तीन आठवडे होतात न होतात तोच २९ मार्चला दिल्लीने 'डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट' अमलात आणला. तात्या म्हणत, "राजा गेला त्याचं मला काही नाही रे. पण त्यानं कधी आमच्या चिमट्याकडे वाकडी नजर केली नव्हती." पुढच्या वर्षी जिल्हा फुटला. सातारा झाला उत्तर सातारा आणि सांगली झाली दक्षिण सातारा. सांगलीकराला 'दक्षिण सातारकर' म्हणणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. ते नाव १९६० च्या नोव्हेंबरात एकदाचं गेलं आणि जिल्हा सांगली झाला.

तर कायदा असा होता. मध्यभागी भारतीय दंत परिषद, ती १९४९ साली स्थापन झाली. प्रत्येक राज्यात राज्याची परिषद आणि तिची नोंदवही. नोंदवहीचे दोन भाग. 'अ' भागात पदवीवाले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण पाच वर्षं दंतवैद्यक हेच ज्यांच्या उपजीविकेचं मुख्य साधन होतं असे. पहिली नोंदवही करायला तीन माणसांचं न्यायाधिकरण. ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज, फी, पुरावा. एकदा ती मुदत गेली की दार बंद. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांसाठी ते पुढे पुन्हा किलकिलं करण्यात आलं, पण जागच्या जागी बसलेल्यांसाठी नाही. आणि दार बंद झाल्यावर बाहेर राहून धंदा केला तर पहिल्या वेळेला पाचशे रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्या वेळी पाचशे रुपयांत चारेक तोळे सोनं आलं असतं.

आपल्याकडे म्हण आहे, दात कोरून पोट भरत नाही. सरकारने नेमकं हेच विचारलं होतं: दात कोरून तुमचं पोट भरतं का? भरत असेल तर सही करा.

थोरल्या काकांनी डोळे मिटून सही केली. पुरावा म्हणून त्यांनी गावातल्या प्रतिष्ठितांची पत्रं गोळा केली. 'सदर गृहस्थांनी बसविलेली कवळी मी आज सात वर्षे वापरीत असून...' अशी. एका निवृत्त मामलेदारांनी तर कवळीसकट हजर राहायची तयारी दाखवली. काकांचं नाव 'ब' भागात चढलं. साताऱ्याला पेढे वाटले.

तात्यांचा अर्ज टेबलावर पडून होता. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. हे सगळं मला पुढे काकूने सांगितलं. तात्यांची एक वही असे. उजव्या बाजूला घड्याळं, डाव्या बाजूला दात. पै न् पै लिहिलेली. त्यांनी पाच वर्षांची बेरीज मारली. घड्याळं जास्त भरली. फार नाही, थोडी. पण जास्त.

ते वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "तात्या, वही मागतंय कोण? लिहा 'दंतवैद्यक' आणि मोकळे व्हा."

"पण वहीत घड्याळं आहेत."

"मग वही दाखवू नका."

"मला दिसते ना."

साताऱ्याहून थोरले काका सर्व्हिस मोटारीने धावत आले. दोन दिवस समजूत घातली. पहिल्या दिवशी प्रेमाने, दुसऱ्या दिवशी आवाज चढवून. तात्या एवढंच म्हणाले, "दादा, खोटं लिहायला माझा हात उठत नाही."

झालं. एवढ्या वाक्यावर थोरले काका उठले. "म्हणजे मी खोटं लिहिलं असं म्हणायचंय का तुला?" तात्या गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा जो काय अर्थ थोरल्यांनी घ्यायचा तो घेतला, आणि जेवणाच्या ताटावरून उठून मोटार गाठली. तेव्हापासून दोन्ही सातारे एकमेकांशी बोलेनासे झाले.

तात्यांच्या पाटीवरून 'व दात' हे शब्द रंग लावून पुसले गेले. आता पाटी अशी दिसे: 'घड्याळे        खात्रीने बसवून मिळतील.' मधली मोकळी जागा बघून सगळ्या गावाला बरोबर कळे की इथे दात होते.

आता इथे मी कायद्याची एक बाजू सांगतो, कारण ती आमच्या घरात कुणी सांगितलीच नाही. तात्या सचोटीचे होते, पण सचोटीने जंतू मरत नाहीत. दुकान बंद झालं तरी लोक यायचे थांबले नव्हते. रात्री-अपरात्री गाल धरून माणूस दारात उभा राहिला की तात्यांना नाही म्हणवत नसे. पैसे घेत नसत. एकदा हळद बाजारातला एक हमाल आला. तात्यांनी त्याची दाढ काढली. चौथ्या दिवशी त्याचा गळ्यापर्यंत जबडा सुजला, तोंड उघडेना, घास सोडा, पाणी जाईना. तात्यांनी स्वतः टांगा करून त्याला मिरजेला नेलं. तिथे चिरा देऊन पू काढला, तेव्हा माणूस वाचला. तिथल्या डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "चिमटा किती वेळ उकळला होता?"

तात्या म्हणाले, "गरम पाण्यानं धुतला होता."

डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तात्या पुढे कितीदा म्हणाले. घरी आले ते चिमटा कपाटात ठेवून कुलूप लावलं. हमाल बरा होऊन कामाला लागला, पण त्यानंतर वर्षभर तात्या हळद बाजारावरून जायचं टाळत. लांबचा वळसा घालत.

ही बातमी साताऱ्याला कशी पोचली माहीत नाही. एका रविवारी थोरले काका दारात उभे. सात वर्षांनी. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते ओट्यावर ठेवून म्हणाले, "नोंदणी झाल्यावर पुस्तकं मागवून वाचली मी. हे घे. वीस मिनिटं उकळायचं, कमी नाही." आत हत्यारं उकळायचं पत्र्याचं चकचकीत भांडं होतं. "मला काय करायचंय त्याचं? मी आता काढत नाही," तात्या म्हणाले. "राहू दे. घरात असावं," थोरले म्हणाले आणि पाटावर येऊन बसले. काकूने पान वाढलं. सात वर्षांपूर्वीचं अर्धं राहिलेलं जेवण त्यांनी त्या दिवशी पुरं केलं. कुणीही काही विषय काढला नाही.

ते भांडं पहिल्यांदा वापरलं गेलं ते माझ्यावर.

साल १९५७, पावसाळा. मी शिक्षणासाठी तात्यांकडेच राहायला होतो. रात्री अकराच्या सुमाराला माझी खालची दाढ अशी ठणकायला लागली की मी गडाबडा लोळलो. काकू म्हणाली, "काढा हो ती. पोर मरतंय." तात्यांनी कपाटातून चिमटा काढला नाही. कायद्याचं पुस्तक काढलं.

कारण त्या कायद्यात एक फार मजेशीर परंतुक होतं. ४९ व्या कलमात. बिननोंदणीच्या माणसाला दंतवैद्यकाची बंदी, पण प्रसंग तातडीचा असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल तर कुणीही दात उपटला तरी चालेल. कुणीही! किराणा दुकानदार, तलाठी, तुम्ही, मी. फक्त एक अट. भुलीचं कोणतंही औषध वापरायचं नाही. ना पूर्ण गुंगीचं, ना जागेपुरतं बधिर करणारं.

मला त्या वेळी हे क्रूर वाटलं. गंमत बघा, जगाला भूल दिली ती दंतवैद्यांनीच. होरेस वेल्सने १८४४ साली हसवणारा वायू स्वतःवर वापरून आपलीच दाढ काढून घेतली, आणि १८४६ साली मॉर्टनने ईथरची भूल साऱ्या जगाला दाखवली. दोघेही दाताचेच डॉक्टर. आणि आमच्या कायद्यात मात्र दात उपटा, पण दुखवून उपटा! पुढे वय वाढल्यावर त्यातलं शहाणपण ध्यानात आलं. एक तर अडाणी हातात भुलीची सुई म्हणजे दातापेक्षा जीवच जायचा. आणि दुसरं, भुलीशिवाय दाढ काढून घ्यायला पुन्हा पुन्हा कोण येणार? त्या सवलतीचा धंदा होऊ नये म्हणून सरकारने इन्स्पेक्टर नेमला नाही. कळ नेमली.

त्या रात्री मात्र मला हे शहाणपण सुचण्याची शक्यता नव्हती.

"तातडीचं आहे का?" तात्यांनी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं.

मी किंचाळलो. ती अट पुरी झाली.

"आता दंतवैद्य उपलब्ध नाही हे बघायला पाहिजे." गावात तोवर एक नोंदणीकृत डॉक्टर आले होते. माझ्या चुलतभावाला सायकलवर त्यांच्या घरी पिटाळलं. तो भिजून अर्ध्या तासाने परत आला. डॉक्टर लग्नाला कोल्हापूरला गेलेले. "शेजाऱ्याला विचारलंस? नक्की?" "नक्की." "परत कधी येणार?" "परवा." तात्यांनी हे सगळं वहीत लिहून वेळ टाकली आणि भावाची सही घेतली. मिरज सहा मैल, रात्र पावसाची, टांगा नाही, हेही लिहिलं. मग भांडं स्टोव्हवर चढलं. वीस मिनिटं. तात्यांनी दुरुस्तीला आलेलं एक टेबलावरचं घड्याळ समोर ठेवलं. अठराव्या मिनिटाला काकू म्हणाली, "झालं की आता." "दोन राहिलीत."

तेवढ्यात काकूने कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून माझ्या दाढेवर ठेवायला हात पुढे केला आणि तात्या ओरडले, "थांब! त्यानं जागा बधिर होते!"

"मग त्याच्यासाठीच तर लावतेय."

"ते भुलीचं औषध धरतील."

"लवंगेचं तेल?" काकूने बोळा हातात तसाच धरून तात्यांकडे पाहिलं. "दिल्लीला बसून त्यांनी माझ्या फडताळातल्या बाटलीवर कायदा केलाय का?"

तात्या खरोखरच पेचात पडले. पुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तकात लवंग नव्हती. ते पान चाळत असताना काकूने तो बोळा सरळ माझ्या तोंडात कोंबला. तात्यांनी तिकडे पाठ फिरवली ती तशीच ठेवली. नंतरच्या नोंदीत लवंगेचा उल्लेख नाही. पै न् पै लिहिणाऱ्या त्या वहीत माझ्या माहितीप्रमाणे ही एकच गाळलेली गोष्ट.

दाढ काढताना काय झालं ते मी सांगत नाही. लवंगेच्या तेलाबद्दल कायद्याने निर्धास्त राहायला हरकत नाही, एवढंच सांगतो. चौथ्या दिवसापर्यंत तात्या सकाळ-संध्याकाळ माझा गळा चाचपत होते. पाचव्या दिवशी मी शेंगा खाल्ल्या, तेव्हा ते कुणाला न सांगता गणपतीला जाऊन आले.

थोरल्या काकांचा दवाखाना पुढे पुष्कळ वर्षं चालला. दरवर्षी नूतनीकरणाची फी भरायची, पावती चौकटीत लावायची, आलेल्याला दाखवायची. १९७६ साली दंतवैद्यांच्या आचारसंहितेचे नियम आले. त्यात आणखी एक रत्न होतं. पाटीवर नाव आणि पात्रता सोडून काही नको. 'दात' असा शब्द नको, 'वेदनारहित' असं काही नको, दातांची काचपेटी नको, उघडमीट करणारे दिवे नकोत. म्हणजे इतर सगळ्या दुकानदारांनी काय विकतो ते पाटीवर लिहायचं आणि दातवाल्याने तेवढं 'दात' लिहायचं नाही! काकांनी मुकाट्याने तो जबडा उतरवला. पत्रा चांगला जाड होता, म्हणून माडीवरच्या पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून टाकला. नंतर कैक वर्षं साताऱ्यात आमच्या गच्चीवर बत्तीस दात आकाशाकडे बघून हसत होते. अजिंक्यताऱ्यावरून ते दिसतात अशी पोरांची पैज लागायची.

काका गेल्यावर दवाखाना आवरायला आम्ही सगळे जमलो. तात्याही आले होते, काठी टेकत. चुलतभावाला माळ्यावर एका ट्रंकेत काकांच्या जुन्या वह्या सापडल्या. वरचीच वही १९४३ पासूनची. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला दात. भावाने ती तात्यांच्या हातात दिली. तो बिचारा नवीन पिढीतला, त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तीस-पस्तीस वर्षं ज्या बेरजेवरून दोन घरांत अढी होती ती बेरीज त्यांच्या मांडीवर होती. पानं मारायला पाच मिनिटं लागली असती, आणि तात्यांचा आकडेमोडीचा हात म्हणजे काय विचारता!

तात्यांनी वहीवरची धूळ हाताने पुसली. उघडली नाही. म्हणाले, "वाळवी लागलीय हिला. बंबात घाल."

वहीला वाळवी नव्हती. मी स्वतः ती बंबात घातली, म्हणून सांगतो.

आता सगळं बदललं आहे. देशात डेंटल कॉलेजं तीनशेच्या वर गेली. सांगलीत आहेत, कऱ्हाडला आहे. ज्या गावात रात्री एक दंतवैद्य सापडत नव्हता तिथे आता एकेका गल्लीत तीन-तीन पाट्या दिसतात, आणि पाटीवर काय काय लिहिलेलं असतं ते बघून काकांचा जबडा फारच सोवळा वाटतो. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, १९४८ च्या कायद्याची जागा घ्यायला. त्यात शिकून बाहेर पडताना सगळ्या देशाला मिळून एक परीक्षा, सगळ्या देशाची मिळून एक नोंदवही. आमची डॉक्टरीणबाई त्याबद्दल पुष्कळ काही सांगत होती. शिवाय नोंदणी राखायची तर अधूनमधून व्याख्यानांना बसून गुण मिळवावे लागतात म्हणे. हे सगळं ती माझ्या तोंडात आरसा धरून सांगत होती, त्यामुळे मला फक्त "आँ" म्हणता आलं. तिला वाटलं मी सहमत आहे.

तात्यांचा चिमटा माझ्याकडे आहे. परवा सुनेने त्याने भिंतीतला खिळा उपटला. एका झटक्यात आला. मी तिला म्हटलं, "वीस मिनिटं उकळलास का?" तिला वाटलं, आबांचं वय झालं.

तर सांगायचं म्हणजे, ते 'अरे बापरे' जे होतं ते मागच्या दाढेचं होतं. काढावी लागेल, म्हणाली. मी तोंडातला बोळा बाजूला करून विचारलं, "तातडीचं आहे का?"

"तातडीचं असं नाही. पण काढायचीच आहे."

"मग बघू दिवाळीनंतर. कायद्यात तातडी असावी लागते."

"आबा," ती सुईत औषध भरत म्हणाली, "ते दंतवैद्य उपलब्ध नसला तर. इथे आहे. आ करा."